एबीवाय स्विच बॉक्स

इलेक्ट्रिक गिटारचा सिग्नल पायाने कळ दाबून या नाहीतर त्या ॲम्प्लिफायरकडे, किंवा एकाच वेळी दोन्हींकडे वळवणारी लहानशी धातूची पेटी. तिला एक इनपुट आणि ‘ए’ व ‘बी’ अशी दोन आउटपुट असतात. दोन्ही ॲम्प एकत्र वाजतात त्या स्थितीला ‘वाय’ म्हणतात. नुसती अदलाबदल करणारी पेटी ती एबी बॉक्स. तिन्ही सोयी असतील तर एबीवाय. मराठवाड्यात ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम, चर्चमधील गायनवृंद आणि विद्यापीठांचे युवक महोत्सव अशा ठिकाणी गिटारवादकांच्या पायाशी ती असते. ती घेताना बहुतेक जण आवाजाचा पोत पाहतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र तिची परीक्षा होते ती अर्थिंगमध्ये, आणि या भागात तर विशेषच.

दोन ॲम्प वापरण्यामागे साधा हिशेब असतो. एका ॲम्पवर स्वच्छ आवाज लावून ठेवायचा, दुसऱ्यावर फाटका, ओव्हरड्राइव्हचा. गाण्याच्या मध्येच पाय दाबला की बदल झाला. दोन्ही एकत्र वाजवले तर स्वच्छ आवाजातली सुरांची स्पष्टता आणि दुसऱ्यातला भरदारपणा एकमेकांत मिसळतो. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन रंगमंचावर एकाच वेळी अनेक ॲम्प चालवत असे. रोलंड कंपनीने १९७५ मध्ये आणलेल्या जेसी-१२० या ॲम्पमध्ये दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायर आणि १२ इंची दोन स्पीकर एकाच पेटीत आहेत आणि त्याचा प्रसिद्ध कोरस आवाज या दोघांतील फरकातून तयार होतो. गिब्सनच्या ईएस-३४५ गिटारमध्ये तर दोन पिकअप (तारांचे कंपन टिपून त्याचा सिग्नल करणारे भाग) दोन वेगळ्या ॲम्पना जोडण्याची सोय गिटारमध्येच होती.

रचना

पॅसिव्ह पेटीत कळ आणि तारा यांपलीकडे फारसे काही नसते. नऊ पायांची ३पीडीटी (एकाच दाबात तीन जोडण्या बदलणारी) फूटस्विच कळ सर्रास वापरतात. तिचे दोन भाग सिग्नलसाठी आणि तिसरा कोणता ॲम्प चालू आहे ते दाखवणाऱ्या एलईडीसाठी. वीज लागते ती या दिव्यापुरतीच. बॅटरी संपली तरी सिग्नल जात राहतो. चांगल्या पेटीत जो ॲम्प निवडलेला नाही त्याचे इनपुट ग्राउंडला जोडले जाते. तसे केले नाही तर त्या ॲम्पकडे जाणारी सहा मीटरची वायर ॲंटेनासारखी मोकळी लोंबकळते आणि आसपासची सगळी घरघर आत घेते. कळ दाबताना येणारा ‘टप्प’ आवाज बहुधा आधीच्या इफेक्ट पेडलच्या कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या डीसी व्होल्टेजमुळे येतो. प्रत्येक आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत १ मेगओहमचा एक रेझिस्टर टाकला की तो बराचसा जातो.

ॲक्टिव्ह पेटीत कळीच्या आधी बफर असतो. म्हणजे जेफेट किंवा ऑप-ॲम्प वापरून केलेले छोटे सर्किट. ते पिकअपवर भार टाकत नाही आणि पुढच्या लांब वायरींना मात्र जोरकस सिग्नल देते. हे ९ व्होल्टवर चालते, त्यामुळे ॲडॉप्टर गेला की गिटारही गेली.

तयार पेट्यांमध्ये जपानी बॉसची एबी-२ आणि एलएस-२, कॅनडातील रेडियलची बिगशॉट एबीवाय आणि ट्विन-सिटी, जर्मनीतील लेलेची पी-स्प्लिट (ही सिग्नल फक्त दोन वाटांना फोडते) ही नावे गिटारवादकांच्या बोलण्यात येतात. एलएस-२ ही खरे तर दोन इफेक्ट लूप सांभाळणारी सहा मोडची पेटी. तिचा एक मोड आउटपुट निवडण्याचा आहे.

पिकअपवरचा भार

चुंबकीय पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची तारेची गुंडाळी. तिचे इंडक्टन्स काही हेन्री असते आणि वायरच्या कपॅसिटन्सबरोबर मिळून ते ठरावीक फ्रिक्वेन्सीला उठाव देते. गिटारच्या आवाजातला चमकदारपणा याच उठावात असतो. ॲम्पचे इनपुट साधारण १ मेगओहमचे असते; दोन ॲम्प एकत्र जोडले की पिकअपला ५०० किलोओहमच दिसतात. याला फार घाबरले जाते, पण नुकसान जास्त करते ती वायर. गिटारच्या वायरचे कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरा. ३ हेन्रीचे पिकअप आणि सहा मीटरची एकच वायर असेल तर उठाव साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास येतो. गिटारपासून पेटीपर्यंत सहा मीटर आणि पेटीपासून ॲम्पपर्यंत सहा मीटर असे झाले की तो २,५०० च्या जवळ उतरतो, आणि वाय दाबून दुसरी सहा मीटरची वायरही जोडली की २,१०० पर्यंत. म्हणून पॅसिव्ह पेटीवर वाय दाबताच आवाज मोठा होतो, पण थोडा दबकाही वाटतो. वादक ट्रेबल वाढवतो, मग पुन्हा ए वर आला की तोच ट्रेबल कानात टोचतो.

बफर हा यावरचा सरळ उपाय. पेटीच्या आधी चालू असलेले कुठलेही बफर असलेले पेडल हेच काम करते. त्यासाठी महाग ॲक्टिव्ह पेटी घ्यायलाच हवी असे नाही. अपवाद फझ फेस जातीच्या फझ पेडलचा. त्याला पिकअपशी थेट गाठ हवी असते, गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर स्वच्छ होणारा त्याचा आवाज त्या गाठीतूनच येतो. फझ आधी, बफर नंतर.

हमिंग आणि अर्थिंग

दोन ॲम्पना त्यांच्या प्लगमधून अर्थ मिळतो. पेटीने दोन्ही वायरींच्या जाळ्या (सिग्नलच्या तारेभोवतीचे, ग्राउंडला जोडलेले तारांचे वेष्टन) एकत्र जोडल्या की अर्थपासून अर्थपर्यंत एक पूर्ण कडे तयार होते: पहिल्या ॲम्पचा प्लग, त्याची जाळी, पेटी, दुसऱ्याची जाळी, दुसऱ्याचा प्लग. या कड्यात ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली घरघर शिरते. दोन्ही ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले तर कडे लहान होते आणि निम्मा त्रास तिथेच संपतो. बोर्ड वेगळे असतील तर दोन अर्थमधला फरक जाळीतून वाहू लागतो.

मराठवाड्यात हा फरक मोठा असण्याची कारणे जमिनीतच आहेत. वर काळी कापसाची माती आणि खाली बेसाल्टचा खडक. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती वाळते, भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते; खडकाचा रोध तर मुळातच जास्त. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात आणि पाणी ओततात ते याचसाठी. आता कार्यक्रमांचे दिवस पाहा. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि तिच्या मागेपुढे महिनाभर चालणारे गीतांचे कार्यक्रम, लग्नसराई, यात्रा, सगळे ऐन उन्हाळ्यात. मैदानावरच्या मंडपात साउंडला जनरेटरची वीज, लाइटला शेजारच्या खांबावरची आणि गिटारच्या ॲम्पला डेकोरेशनवाल्याने जिथून जमेल तिथून ओढलेली. त्यात डिमरवर चालणारे दिवे असतील तर घरघरीला एक खरखरीत धारही येते. संभाजीनगरचे संत एकनाथ रंगमंदिर किंवा नांदेडचे कुसुम सभागृह अशा बंदिस्त ठिकाणी पक्की वायरिंग असते. मैदानावर ती रोज नव्याने होते.

घरघर थांबवण्याचा मंडपातला जुना ‘इलाज’ म्हणजे ॲम्पच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाकणे. घरघर खरोखर थांबते, आणि म्हणूनच तो टिकून आहे. तो करू नये. गिटारच्या तारा ब्रिजमधून जाळीला आणि जाळी ॲम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. अर्थ नसलेल्या ॲम्पमध्ये २३० व्होल्टचा फेज चासीला लागला तर तो थेट बोटांवर येतो. वादकाचे ओठ मिक्सरमधून अर्थ झालेल्या माइकला टेकले की करंटला वाट मिळते आणि ती छातीतून जाते. गाता गाता ओठाला मुंग्या आल्या तर ती सूचना समजून वाजवणे थांबवावे आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

योग्य उपाय पेटीच्या आत असतो: एका आउटपुटवर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, जाळ्यांची गाठ सुटते, आणि दोन्ही ॲम्पचे अर्थ आपापल्या जागी शाबूत राहतात. बिगशॉट आणि पी-स्प्लिटमध्ये तो असतो. पेटीवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटणही सिग्नलच्या जाळीपुरतेच काम करते, विजेच्या अर्थला हात लावत नाही. घरी बनवणारे जुन्या मोडेममधले ६००:६०० ओहमचे ट्रान्सफॉर्मर वापरतात. ते पिकअपला थेट जोडले तर आवाज बिघडतो, आधी बफर हवाच. माझ्या मते इथल्या वादकाने पैसे मोजावेत ते या ट्रान्सफॉर्मरसाठी. दिवे, रंग, नावाजलेली कंपनी हे सगळे त्यानंतर.

पोलॅरिटी आणि उशीर

दोन्ही ॲम्प वेगवेगळे छान वाजतात, पण एकत्र केले की खालचे सूर गायब होतात आणि आवाज पोकळ होतो. असे झाले तर दोघांची पोलॅरिटी उलट आहे असे समजावे: एकाचा स्पीकर पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. व्हॉल्व्ह ॲम्पमधला प्रत्येक साधा गेन टप्पा सिग्नल उलटवतो, त्यामुळे सम आणि विषम टप्प्यांचे ॲम्प एकमेकांविरुद्ध पडतात. फेंडरच्या साठच्या दशकातील ब्लॅकफेस ॲम्पमध्ये तर एकाच ॲम्पचे ‘नॉर्मल’ आणि ‘व्हायब्रेटो’ चॅनेल परस्परविरुद्ध आहेत, कारण दुसऱ्यात एक टप्पा जास्त आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल करणारे बटण पेटीवर असेल तर हा दोष क्षणात जातो.

एक ॲम्प साधा आणि दुसऱ्या बाजूला डिजिटल प्रोसेसर असेल तर मात्र त्या बटणाचा उपयोग नाही. प्रोसेसर सिग्नलला दोन मिलिसेकंद उशीर करत असेल तर एकत्र आवाजात २५० हर्ट्झजवळ आणि पुढे ठरावीक अंतरांवर खड्डे पडतात. दोन ॲम्प माइकपासून कमी-जास्त अंतरावर असले तरी तेच होते, कारण आवाजाला एक मीटर कापायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात.

मराठवाड्यातील वापर

दोन ॲम्प घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणारा वादक इथे विरळा. टेम्पोत आधी कीबोर्ड, ढोलकी-ढोलक, ऑक्टोपॅड आणि स्पीकर चढतात. गिटारवाल्याला एका कॉम्बोची (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) जागा मिळते. त्यामुळे ए आउटपुट स्वतःच्या कॉम्बोकडे आणि बी आउटपुट डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी) मिक्सरकडे, ही मांडणी जास्त सोयीची ठरते. रंगमंचावर वादकाला स्वतःचे ऐकू येते आणि प्रेक्षकांचा आवाज ऑपरेटरच्या हाती राहतो. डीआय बॉक्समध्ये ट्रान्सफॉर्मर आणि ग्राउंड लिफ्ट असेल तर मिक्सरकडचे कडेही तुटते.

पॅसिव्ह पेटी उलटीही चालते. दोन गिटार दोन आउटपुटना आणि ॲम्प इनपुटला लावला की ऑर्केस्ट्रातला वादक एका गाण्याला इलेक्ट्रिक आणि पुढच्याला पिकअपवाली ॲकॉस्टिक वाजवू शकतो. पिना काढण्या-घालण्याचा धडधडाट मैदानभर ऐकू जात नाही. या जोडणीत वाय दाबू नये, कारण एका गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला की दुसरीही गप्प होते. बफर असलेली पेटी मात्र एकाच दिशेने चालते. वरातीतल्या बँजो पार्टीच्या पिकअप बसवलेल्या बँजोलाही हीच पेटी लागू पडते.

ती स्पीकरच्या बाजूला मात्र कधीही लावू नये. तिच्या बारीक तारा आणि कळ गिटारच्या मिलिव्होल्टसाठी असतात. व्हॉल्व्ह ॲम्प चालू असताना कळ फिरवून त्याचा स्पीकर क्षणभर जरी तुटला तरी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टर ॲम्पचे दोन आउटपुट एकमेकांना जोडले तर ट्रान्झिस्टर जातात. सभांना आणि मंदिरांना असणाऱ्या भोंग्यांची १०० व्होल्ट लाइन तर या पेटीच्या आसपासही नको.

साधी पेटी घरी बनवणे अवघड नाही. ॲल्युमिनियमची डबी, ३पीडीटी कळ, पी-३८ पिनांचे (गिटारच्या वायरीच्या जाड पिना) तीन सॉकेट, दोन एलईडी आणि मूठभर रेझिस्टर एवढेच सामान. संभाजीनगर-जालन्याकडून पुण्याची बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तर नांदेड-लातूरकडून हैदराबादच्या कोठी भागातली गुजराती गल्ली हे सुट्या भागांचे बाजार. डबी प्लॅस्टिकची घेतली तर घरघर येते, धातूचीच हवी आणि तीही सॉकेटच्या ग्राउंडला जोडलेली. मैदानावरची धूळ कळीत शिरून संपर्क खरखरू लागतो. तेव्हा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून कळ पंधरा-वीस वेळा दाबावी, आणि तरीही आवाज तुटत असेल तर कळच बदलावी.