स्टेजच्या आधीचा छोटा 'सी'

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला. नागपुरातल्या मेडिकल चौकात तो वऱ्हाडी वळणानं येतो: "डॉक्टरसाहेब, स्टेज कोन्ती हाये?" उत्तरात एक आकडा मिळतो आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गणगोतात पोचतो. रिपोर्टवर टी, एन, एम या अक्षरांआधी एक छोटा 'सी' असतो, तिकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. 'सी' म्हणजे क्लिनिकल. छाती न उघडता, तपासण्यांवरून बांधलेला अंदाज. ऑपरेशननंतर काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली गेला की तिथं 'पी', म्हणजे पॅथॉलॉजिकल, येतो, आणि कधीकधी आकडाही बदलतो.

टी म्हणजे मूळ गाठ. ती मोजणं त्या मानानं सोपं: ३ सेंटीमीटरपर्यंत टी-१, ७ च्या वर टी-४. एम म्हणजे रोग दूर पसरला का. खरा घोळ एनमध्ये, म्हणजे लिम्फ नोडमध्ये (शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या छोट्या गाठींमध्ये). दोन फुफ्फुसांच्या मधे, श्वासनलिकेला लागून नोडचे पुंजके असतात. तिथं रोग पोचला असेल तर सरळ ऑपरेशनला घेणं बहुतेकदा चुकीचं ठरतं. आधी औषधोपचार, किंवा वेगळाच मार्ग.

सीटी स्कॅन नोडची फक्त जाडी बघतो. आखूड बाजूनं १० मिलिमीटरच्या वर गेला की संशय. पण जाड नोड रोगी असतोच असं नाही आणि बारीक नोड निरोगी असतोच असंही नाही. तिथं कॅन्सर असलेल्या १०० रुग्णांपैकी सीटीला जेमतेम ५५ सापडतात. पेट स्कॅन साखर खाणाऱ्या पेशी उजळवतो आणि ८० च्या आसपास पोचतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत पेटची जोड दिल्यावर निष्फळ ऑपरेशनांचं प्रमाण ४१ टक्क्यांवरून २१ वर आलं. (मेंदू मुळातच साखरेचा खादाड, त्यामुळे तिथं पेटचा उपयोग कमी, त्यासाठी वेगळा एमआरआय.)

पण साखर फक्त कॅन्सरच खातो का? क्षयरोगानं सुजलेला नोडही तसाच चमकतो. आपल्याकडे क्षयाची कमतरता नाही. त्यात उमरेड, सावनेर, कामठीकडच्या खाणी. वर्षानुवर्षं कोळशाची धूळ छातीत गेलेल्या माणसाचे नोडही पेटवर उजळू शकतात. नुसत्या चमकण्यावरून "आता ऑपरेशन होत नाही" म्हणणं, माझ्या मते, रुग्णावर अन्यायच.

म्हणून सुई. ईबस या तपासणीत टोकाला सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण तोंडावाटे श्वासनलिकेत उतरवतात, नोड डोळ्यांसमोर धरून सुईनं पेशी काढतात. काप नाही, टाके नाहीत. गाठ ३ सेंटीमीटरच्या आत, फुफ्फुसाच्या कडेला आणि दोन्ही स्कॅन स्वच्छ असतील तर ही पायरी सहसा वगळता येते. एरवी नाही.

ईबसमध्येही काही न सापडल्यास गळ्याखाली छोटा छेद देऊन मीडियास्टिनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं या मधल्या नोडचे तुकडे काढून तपासणी, करावी का, यावर सर्जन वर्षानुवर्षं वाद घालत होते. २०२३ मध्ये आलेल्या एका चाचणीत ती न करता थेट ऑपरेशन केलेल्यांपैकी ८.८ टक्क्यांमध्ये आणि ती करून घेतलेल्यांपैकी ७.७ टक्क्यांमध्ये ऑपरेशननंतर याच मधल्या नोडमध्ये अनपेक्षित कॅन्सर निघाला. फरक फार नाही. दोन्हीकडे शंभरात आठ-नऊ जणांची स्टेज 'सी'चा 'पी' होताना बदललीच.