रात्रीच्या छायाचित्रातील नॉइज व आकाशाचे संपादन

ट्रायपॉडशिवाय, कॅमेरा किंवा मोबाइल हातात धरून अपुऱ्या उजेडात काढलेल्या छायाचित्रातला नॉइज, म्हणजे चित्रभर दिसणारे दाणे, घालवणे आणि त्यातल्या आकाशावर उरलेल्या चित्रापेक्षा वेगळे संस्कार करणे, अशी ही जोडप्रक्रिया आहे.

नॉइजचे मूळ प्रकाशातच असते. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर एकसारखे पडत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी 100 फोटॉन येत असतील तर त्यात सुमारे 10 चा, म्हणजे 10 टक्के चढउतार होतो. 10,000 आले तर तो 1 टक्क्यावर येतो. गडद अंधारात सेन्सरमधला संकेत वाचताना होणाऱ्या गडबडीचीही यात भर पडते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता ठरवणारे सेटिंग, वाढवल्यामुळे नॉइज येतो, असे सर्रास सांगितले जाते. पण आयएसओ मिळालेला संकेत फक्त मोठा करतो. तूट असते ती प्रकाशाची.

शटर जास्त वेळ उघडे ठेवावे, तर हात हलतो. 50 मिमी लेन्स असेल तर शटर 1/50 सेकंदाहून मंद नको, हा फिल्मच्या काळातला ठोकताळा लेन्समधील स्थिरीकरणाने बराच सैल केला. समोरून चालत येणारा माणूस मात्र त्याने थांबत नाही. मोबाइलने वेगळी वाट धरली: एकापाठोपाठ अनेक फ्रेम घ्यायच्या, त्या एकमेकींवर जुळवायच्या आणि सरासरी काढायची. नॉइज फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाने घटतो, त्यामुळे 9 फ्रेमनंतर तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो, 16 नंतर चौथ्या. गूगलने 2018 मध्ये पिक्सेल फोनांवर आणलेली नाइट साइट सुविधा याच तत्त्वावर चालते. जो भाग जुळत नाही तिथे सरासरी टाळावी लागते. म्हणून स्वच्छ चित्रातही हललेल्या माणसाच्या आसपास दाणे उरलेले दिसतात.

एवढे करूनही आकाश दगा देते. पानांच्या, विटांच्या पोतात नॉइज खपून जातो, सपाट आकाशात त्याला लपायला जागाच नसते. आकाश नितळ होईपर्यंत साऱ्या चित्रावर एकच मात्रा चालवली, तर झाडे मेणाची वाटू लागतात. गूगलच्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेल्या पद्धतीत न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेली संगणक प्रणाली) आधी आकाश ओळखून त्याचा मास्क, म्हणजे आकाश वेगळे दाखवणारा नकाशा, बनवते, मग मूळ चित्राच्या आधाराने त्या मास्कची कड बारीक केली जाते, आणि त्यानंतर आकाशापुरता नॉइज जोरात काढणे, उजेड उतरवणे, रंग सावरणे ही कामे होतात. कस लागतो तो कडेवर. फांद्यांच्या जाळीत किंवा विजेच्या तारांपाशी मास्क चुकला की इमारतीभोवती उजळ वलय उमटते, आणि एकदा नजरेला पडले की मग तेच दिसत राहते. ताऱ्यांचा पेच याहून अवघड: मंद तारा आणि नॉइजचा दाणा दोन्ही ठिपकेच, त्यामुळे फार जोर लावला की तारेही पुसले जातात.

रंगाचा निर्णयही आकाशासाठी वेगळा घ्यावा लागतो. संधिप्रकाशात रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांचा नारिंगीपणा पूर्ण काढायला गेल्यास वरचे आकाश भडक निळे होते. उजेडाचेही तसेच. सेन्सरने गोळा केलेला सगळा प्रकाश दाखवला तर रात्रीची दुपार होते. नाइट साइटच्या कर्त्यांनी सावल्या गडद ठेवण्यासाठी 18 व्या शतकातले इंग्रज चित्रकार जोसेफ राइट यांच्या चित्रांचा दाखला दिला होता. हौशी संपादकांनी एवढा संयम क्वचितच पाळलेला दिसतो.

आकाशात हात घालणे मात्र नवे नाही. निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असलेल्या कोलोडियन काचांवर (त्या काळच्या निगेटिव्हच्या काचांवर) आकाश पांढरे फटक येई, म्हणून 1850 च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसऱ्यावरून छापत. फोटोशॉपमध्ये 2020 पासून हेच काम काही क्लिकमध्ये होते. नॉइज काढणे आणि आकाशच बदलणे यांत मोठा फरक आहे: पहिले बातमीच्या छायाचित्रात मर्यादेत चालते, दुसरे वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत प्रवेशिका बाद करते.