‘इन’ची दोन कुळे

पेट्रोलच्या टँकरवर मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे नकार, हे आपण शाळेत पाठ केलेले असते: करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल. त्या हिशेबाने इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारे. प्रत्यक्षात पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसलाही ठिणगी लागली की पेट घेते. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेत काम करणाऱ्यांनी नुसता ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. आज धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय लेबलांवर तोच शब्द असतो.

‘इंग्रजीला काही नियमच नाहीत’ असे म्हणून बहुतेक जण हा विषय सोडून देतात. पण इथे इंग्रजीचा दोष नाही. लॅटिनमध्येच ‘इन’ नावाचे दोन वेगळे उपसर्ग होते. त्यांचे मूळ वेगळे, अर्थ वेगळे. कालांतराने उच्चार तेवढे एक झाले. आणि या दोन्ही कुळांचे नातलग आपण मराठीत रोज वापरतो.

पहिला ‘इन’ म्हणजे ‘आत’. लॅटिनमध्ये हे स्वतंत्र शब्दयोगी अव्यय होते, फक्त ते नामाच्या आधी येई. ‘इन उर्बे’ म्हणजे शहरात (राहतो) आणि ‘इन उर्बेम’ म्हणजे शहरात (शिरतो). राहणे की शिरणे, हा फरक नामाच्या विभक्तीवरून कळायचा. मराठीत आपण दोन्हीकडे ‘शहरात’ म्हणतो आणि बाकीचे क्रियापदावर सोपवतो. या ‘इन’चे जुने रूप ‘एन’ होते. ग्रीकमध्ये ते ‘एन’च राहिले. त्यापासूनच लॅटिनचा ‘इंतेर’ झाला, आणि संस्कृतचा ‘अंतर्’ हा त्याचा सख्खा भाऊ. अंतर्‌मधून मराठी ‘आंत’ आला. १९६२च्या लेखननियमांआधी आपण ‘घरांत’ असा अनुस्वार देऊन लिहीत होतो, तो याच आठवणीचा. म्हणजे ‘घरात’मधला सप्तमीचा ‘त’ आणि ‘इंटरनॅशनल’मधला ‘इंटर’ एकाच घराण्यातले. पोटातले ‘आतडे’ही संस्कृत ‘अंत्र’वरून आलेले, आणि त्याचा ग्रीक भाऊ ‘एन्तेरोन’ डॉक्टरांच्या ‘डिसेंट्री’त सापडतो.

इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ हा असा ‘आत’वाला आहे. ‘इन्फ्लामारे’ म्हणजे ज्वाळेत घालणे, पेटवणे. त्यापुढे ‘एबल’ लागला, म्हणजे पेटवता येण्याजोगे.

दुसरा ‘इन’ नकाराचा, आणि मला खरी ओढ आहे ती याची. शाळेत आपण नञ् तत्पुरुष समास शिकतो: अयोग्य, अज्ञान, अनादर, अनर्थ. व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो. ग्रीकमध्ये अगदी हेच आहे: ‘अॅटम’ म्हणजे अ-छेद्य आणि ‘अॅनार्की’ म्हणजे अन्-सत्ता. लॅटिनमध्ये मात्र सगळीकडे ‘इन’, आणि इंग्रजीच्या स्वतःच्या जुन्या शब्दांत ‘अन’ (जुना उच्चार ‘उन’): अनफेअर, अननोन. अ, अन्, इन, उन हे सगळे एकाच मुळातून कसे निघाले?

त्यासाठी एक विलक्षण ध्वनी समजून घ्यावा लागतो. आपल्या वर्णमालेत ‘ऋ’ स्वरांत का बसतो, याचा विचार करा. मुळात तो ‘र्’च आहे, पण शेजारी स्वर नसल्यामुळे स्वतःच स्वराचे काम करतो. ‘मृत’, ‘कृत’ या शब्दांत म् आणि त्, क् आणि त् यांच्यामध्ये र् स्वर होऊन बसला आहे. ‘कॢप्ती’मध्ये ‘ल्’ तेच करतो. आता कल्पना करा की ‘न्’ आणि ‘म्’सुद्धा असेच स्वर होऊ शकत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या सामाईक पूर्वज भाषेत ते तसे होत, पण पुढे कोणत्याही शाखेने ते जसेच्या तसे राखले नाहीत. संस्कृत आणि ग्रीकमध्ये त्यांचा ‘अ’ झाला, लॅटिनमध्ये ‘एन’ किंवा ‘एम’, आणि इंग्रजी-जर्मनच्या शाखेत ‘उन’ किंवा ‘उम’.

याची खूण आपल्या रोजच्या शब्दांत आहे. गम् धातूपासून ‘गमन’, पण ‘गत’. हन्‌पासून ‘हनन’, पण ‘हत’. मन्‌पासून ‘मनन’, पण ‘मत’. तो म् किंवा न् गेला कुठे? आधीचा स्वर गळाला, दोन व्यंजनांत अडकलेला अनुनासिक स्वर बनला आणि त्याचा ‘अ’ झाला. ‘गत’मधला ‘ग’चा अ म्हणजे खरे तर जुना म् आहे.

नकाराचेही तसेच. पूर्ण शब्द ‘न’ आणि त्याचे आखडलेले रूप म्हणजे नुसता स्वर झालेला न्. समासाच्या सुरुवातीला हे आखडलेले रूप येई. कार्ल ब्रुगमान या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८७६ साली हा स्वररूप न् मांडला, तेव्हा तो एवढा धाडसी वाटला की ज्या नियतकालिकात लेख छापला त्याचे ज्येष्ठ संपादक गेओर्ग कुर्टिउस यांनी त्यापासून हात झटकले. पुढे मोठा भाषाशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या फर्दिनां द सोस्यूरला हीच गोष्ट जिनिव्हात शाळकरी वयात एका ग्रीक क्रियारूपावरून सुचली होती. १८७६ मध्ये तो लाइपझिगला शिकायला गेला तेव्हा त्याला कळले की ती नुकतीच प्रसिद्ध झाली आहे.

पाणिनीने हे कसे मांडले आहे ते पाहा. ‘नलोपो नञः’ (नञ् म्हणजे नकाराचा ‘न’): नञ्‌मधल्या न्‌चा लोप होतो, उरतो अ. लगेच पुढचे सूत्र ‘तस्मान्नुडचि’: पुढे स्वर आला तर न् आगम होतो, म्हणून ‘अनर्थ’. पाणिनी इतिहास सांगत नाही, आपल्या भाषेची रचना सांगतो. पण ‘अ’ हा ‘न’चाच अवतार आहे, हे त्याने ब्रुगमानच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी नेमके बांधून ठेवले होते.

आता एक शब्द जवळून पाहू. संस्कृत ‘अज्ञात’, ग्रीक ‘आग्नोतोस’, लॅटिन ‘इग्नोतुस’, जुनी इंग्रजी ‘उन्कूथ’. चारही म्हणजे ‘न ओळखलेला’, आणि चारही त्याच नकारापासून व त्याच धातूपासून. इंग्रजीतला आजचा ‘अनकूथ’ (राकट, असंस्कृत) हा आपल्या ‘अज्ञात’चाच भाऊ. तसेच ‘अमृत’ आणि ग्रीक ‘आंब्रोतोस’. ग्रीकमध्ये मधेच ब कुठून आला, असे वाटेल. म् आणि र् यांच्यामध्ये ओठ उघडताना ब आपोआप डोकावतो. आपणही ‘आम्र’चा आंबा आणि ‘ताम्र’चे तांबे असेच केले आहे.

एवढे साम्य पाहून ‘म्हणजे सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या’ असे संदेश फिरवले जातात. त्यांना याच न्‌ने उत्तर मिळते. संस्कृतात ‘मति’ आणि ‘पति’ यांचे यमक जुळते. लॅटिनमध्ये त्यांचे भाऊ ‘मेन्तिस’ आणि ‘पोतिस’: एकात न् आहे, दुसऱ्यात नाही. लॅटिन जर संस्कृतातून निघाली असती, तर कुठे न् घालायचा हे रोमन लोकांना कसे कळले? मति मन् धातूपासून आहे असे म्हणाल, तर ‘शत’ घ्या. संस्कृतात त्याच्या आसपास अनुनासिक कुठेच नाही. लॅटिन ‘केन्तुम’मध्ये आहे, इंग्रजी ‘हंड्रेड’मध्ये आहे, आणि लिथुएनियन ‘शिम्तास’मध्ये तर मूळचा म् तसाच आहे. संस्कृतात पुसली गेलेली माहिती या भाषांत शिल्लक आहे, तेव्हा त्या लेकी नव्हेत, बहिणी आहेत. यात संस्कृतचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. ऋ आणि नञ् नसते तर हे कोडे सुटायला कितीतरी अवघड गेले असते.

तर लॅटिनमध्ये टक्कर झाली ती अशी. ‘आत’वाला मुळातच ‘एन’ होता. नकारवाला स्वररूप न् बदलून ‘एन’ झाला. पुढे दोन्ही ‘एन’चे ‘इन’ झाले आणि फरक उरला नाही. याचा त्रास खुद्द रोमन लोकांनाही झाला असणार. त्यांच्या भाषेत ‘इन्फेक्तुस’ म्हणजे ‘न केलेले’ आणि ‘बुडवून रंगवलेले, डागाळलेले’ही, दुसऱ्या अर्थातून आपले ‘इन्फेक्शन’ आले.

त्यात आणखी भर म्हणजे पुढच्या व्यंजनाप्रमाणे दोन्ही ‘इन’ सारखेच रूप बदलतात: इम्पॉसिबल आणि इम्पोर्ट, इल्लीगल आणि इल्युमिनेट. आपल्याला यात नवल वाटू नये. ‘संप’मधला अनुस्वार म्, ‘संत’मधला न्, ‘संग’मधला ङ्, हे आपण न शिकता करतो, जीभ आणि ओठ पुढच्या ध्वनीच्या जागी आधीच जाऊन थांबतात. आणि न्‌पुढे ल आला की न्‌चाही ल होतो, यासाठी पाणिनीचे ‘तोर्लि’ हे सूत्र आहे. ‘उत् + लेख’चा ‘उल्लेख’ त्याच सूत्राने होतो.

ओळखायचे कसे? उपसर्ग क्रियापदाला लागून नवे क्रियापद झाले असेल, तर तो बहुधा ‘आत’वाला: इम्पोर्ट, इन्फ्लेम, इन्व्हेस्ट. विशेषणाला लागला असेल तर बहुधा नकार. तरीही ‘इनहॅबिटेबल’सारखे शब्द उरतातच. इंग्रजीत ‘इनहॅबिट’ या क्रियापदावरून झाल्यामुळे त्याचा अर्थ राहण्याजोगे. फ्रेंचमध्ये तेच अक्षरांनुसार तंतोतंत सारखे लिहिले जाते, पण तिथे नकार ‘राहण्याजोगे’ या विशेषणाला लागला आहे, म्हणून अर्थ बरोबर उलटा: जिथे राहताच येणार नाही असे.