तेलानं ओल येत नाही, ओल टिकते

दिवाळी सरली की बेळगावात वारा फिरतो. चार महिने चोर्ला घाटावरून ढग घेऊन येणारा पश्चिमेचा वारा थांबलेला असतो आणि पठारावरून पूर्वेचा कोरडा वारा सुरू होतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर, त्यामुळे पहाटे गारठा आणि दुपारी लख्ख ऊन. बाटलीतलं खोबरेल गोठतं. ओठ फुटतात, पोरांचे गाल उलतात, आणि साबणानं तोंड धुतलं की कातडी दोन्ही बाजूंनी ओढून धरल्यासारखी वाटते.

हे थंडीमुळे होतं असं आपण म्हणतो. पण खरा कारभार हवेतल्या बाष्पाचा आहे. पहाटे १४ अंश तापमान असताना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १२ ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा दुपारी २९ अंशांपर्यंत तापली की तिच्यात जवळपास २९ ग्रॅम बाष्प मावू शकतं. बाष्प मात्र तेवढंच, १२ ग्रॅमच. म्हणजे पहाटे दवानं भिजलेली हवा दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त रिकामी झालेली असते आणि मिळेल तिथून पाणी ओढायला लागते. ते दोरीवरच्या कपड्यांतून जातं, वाळवणातून जातं आणि आपल्या गालांतूनही जातं. अथणी-रायबागकडच्या कोरड्या पट्ट्यात हे जास्त जाणवतं, कणकुंबी-जांबोटीच्या जंगलाकडे जरा कमी.

त्वचेतून पाणी उडून जाणं तसं बारा महिने चालूच असतं. घाम न येताही मोठ्या माणसाच्या अंगातून रोज साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी कातडीवाटे नकळत निघून जातं. ते याहून कितीतरी जास्त जात नाही, याचं श्रेय त्वचेच्या अगदी वरच्या थराला. स्ट्रॅटम कॉर्नियम हे त्याचं शास्त्रीय नाव. मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर, आणि सगळ्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकी. हा थर म्हणजे विटांची भिंत समजा. पेशी या विटा, आणि त्यांच्या मधला गिलावा स्निग्ध पदार्थांचा. त्या गिलाव्यात साधारण निम्मा वाटा सेरामाइड नावाच्या स्निग्धांचा असतो, बाकी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. रक्त तपासायला गेल्यावर ज्या कोलेस्टेरॉलची धास्ती वाटते, तेच इथं चेहऱ्याची राखण करतं.

गिलावा पाणी अडवतो, पण विटांच्या आतही थोडी ओल लागते. तिच्यासाठी पेशींमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात: अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्लाचे क्षार, युरिया. त्यातला मोठा भाग फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन तयार होतो. या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असला तर कातडी जन्मभर कोरडी राहते आणि इसब होण्याची शक्यता वाढते, हे २००६ साली स्पष्ट झालं. एखाद्या घरात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचीच कातडी खरखरीत असेल, तर ‘नीट काळजी घेत नाहीत’ असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आता मुख्य गोष्ट. कातडी कोरडी पडली की आपला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. १९५२ साली आयर्विन ब्लँक या अमेरिकन शास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग मांडला. कडक झालेल्या कातडीचा वाळका तुकडा त्यानं तेलात ठेवला. तो कडकच राहिला. पाण्यात ठेवला तेव्हा मऊ पडला. कातडीचा मऊपणा पाण्यातून येतो, तेलातून नाही, हे त्यानं दाखवून दिलं. या थरात साधारण दहा टक्क्यांहून कमी पाणी उरलं की तो कडक होतो, उलतो, त्याचे खवले निघतात.

मग पिढ्यान्‌पिढ्या तेल लावत आलो ते वाया गेलं का? मुळीच नाही. तेल ओल आणत नाही, पण असलेली ओल उडू देत नाही. म्हणून ते केव्हा लावतो याला फार महत्त्व आहे. दुपारी वाऱ्यातून घरी येऊन कोरड्या गालांवर तेल चोळलं तर खवले तेवढे चपटे होऊन बसतात, थोडा वेळ बरं वाटतं. तेच तोंड धुऊन, पंचानं हलकेच टिपून, चेहरा अजून दमट असताना दोन-तीन मिनिटांच्या आत लावलं, तर वरच्या थरानं नुकतंच शोषलेलं पाणी आत अडकून राहतं. खर्च तोच, गुण मात्र कितीतरी जास्त. सगळ्यांनी निदान एवढं करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं, कारण याला पैसे लागत नाहीत.

काय लावायचं? पाणी अडवण्यात साध्या पेट्रोलियम जेलीची बरोबरी फार थोड्या गोष्टी करतात. तिचं पेटंट १८७२ सालचं, आणि अजूनही कोरड्या त्वचेसाठी डॉक्टर तिचं नाव घेतात. चेहऱ्यावर ती चिकट वाटते, म्हणून रात्री, अगदी मुगाएवढी, दमट गालांवर लावावी. ग्लिसरीन वेगळ्या गटातलं. ते पाणी धरून ठेवतं, पण नुसतं, जाडसर लावलं तर कोरड्या हवेत चिकचिक होते आणि उपयोग बेताचा. पाण्यात कालवून आणि वर थोडं तेल किंवा क्रीम लावून ते छान काम करतं. बाजारातली बहुतेक मॉइश्चरायझर या दोन गटांचंच मिश्रण असतात. स्वस्त आणि महाग बाटलीत फरक असतो तो बऱ्याचदा वासाचा आणि डबीचा. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी बिनवासाचंच घ्यावं, कारण सुगंधी द्रव्यांनी अॅलर्जी होऊ शकते.

खोबरेलाची परीक्षाही झालेली आहे. २००४ साली फिलिपिन्समध्ये कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर खोबरेल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं पातळ तेल) यांची तुलना केली, आणि दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. फक्त मुरुमांचा चेहरा असेल तर खोबरेल टाळावं, ते छिद्रं बुजवतं. खानापूरच्या पश्चिमेकडे आणि घाटाखाली कोकमाच्या बियांचं तेल वापरतात. ते साध्या हवेत घट्ट राहतं, अंगाच्या उबेनं मऊ पडतं आणि ३८ ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक आम्लं भरपूर. ओठांवर आणि टाचांच्या भेगांवर ते अप्रतिम. ओठांना तर अशा बाहेरच्या मदतीची गरजच असते, कारण तिथं तेलग्रंथी जवळजवळ नाहीत आणि वरचा थर अगदी पातळ. जीभ फिरवून ओठ ओले करण्याची सवय मुलांना हमखास असते. त्या लाळेतलं पाणी उडून जातं आणि ओठ आणखी फुटतात.

नाक तेलकट आणि गाल कोरडे, असं एकाच चेहऱ्यावर का, असं पुष्कळ जण विचारतात. तेलग्रंथी कपाळ, नाक, हनुवटी इथं दाटीनं असतात आणि गालांच्या कडेला विरळ. म्हणून सगळ्या तोंडाला एकच माप लावू नये. कॉलेजातली मुलं मुरुमांच्या धास्तीनं दिवसातून चार-पाच वेळा साबणानं तोंड घासतात. तेलकटपणा जातो, पण गिलावाही जातो, मग आग होते आणि मुरुमांची औषधं सोसत नाहीत. अशा चेहऱ्यालाही हलकं, पातळ मॉइश्चरायझर लागतंच. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं पाहून घ्यावं.

साबणाबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण निम्मं नुकसान तिथंच होतं. त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, सामू (पीएच) साधारण साडेचार ते साडेपाच. अंगाच्या साबणाचा सामू नऊ-दहा. त्यानं गिलाव्यातले स्निग्ध पदार्थ निघतात, आणि नवा गिलावा तयार करणारी विकरंही मंदावतात. त्यात बोअरचं पाणी. आपल्या पूर्वेकडच्या अनेक गावांत ते जड असतं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. साबणाला फेस येत नाही म्हणून आणखी साबण घासला जातो, आणि धुतल्यावरही त्याचा चिकट अंश कातडीवर राहतो. जड पाण्यात डिटर्जंटचा अंश त्वचेवर जास्त उरतो आणि त्यानं तिची राखण ढिली पडते, हे ब्रिटनमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी दाखवलं आहे. चेहऱ्यासाठी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बाजूला ठेवता आलं तर उत्तम. नाही तर निदान साबण दिवसातून एकदाच, संध्याकाळी. सकाळी नुसतं पाणी पुरतं. आणि तेही कोमट. बंबातलं कढत पाणी अंगाला सुखाचं वाटतं, पण चेहऱ्याला नाही.

या बाबतीत आपल्या अभ्यंगस्नानाचा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी तेल, मग उटणं, मग पाणी. तेलाचा पदर आधी बसल्यामुळे गिलावा कमी धुतला जातो, आणि ते नेमकं वारा फिरण्याच्या सुमारास. डाळीचं पीठ साबणापेक्षा सौम्य, पण रोज खसाखसा चोळलं तर तेही ओरबाडतंच. मुलतानी माती तेल शोषून घेते, तेव्हा थंडीत कोरड्या चेहऱ्यावर तिचं काम नाही. लिंबू तर चेहऱ्याला लावूच नये. त्याचा सामू दोनच्या आसपास, आणि रस लावून उन्हात गेलं तर डाग पडू शकतात.

‘पाणी भरपूर पी, चेहरा उजळेल’ असं घरोघरी सांगतात. तहानेपुरतं पाणी हवंच. उसाच्या फडात किंवा भट्टीपुढे राबणाऱ्याला ते जास्तच लागतं. पण अंगात पाणी पुरेसं असताना वर आणखी चार तांबे प्यायल्यानं वरच्या थरात फारसा फरक पडत नाही. ते पाणी मूत्रावाटे जातं.

उन्हाचं मात्र तसं नाही. अतिनील किरण बारा महिने येतात, थंडीतल्या सुखद उन्हातूनही येतात, आणि त्यातला एक प्रकार ढगांतून आणि काचेतूनही आत शिरतो. त्वचेला आधार देणारे तंतू त्यानं झिजतात, सुरकुत्या लवकर येतात, वांग गडद होतो. रानात काम करणाऱ्या बाया डोक्यावरून पदर ओढून घेतात, गडीमाणसं टॉवेल गुंडाळतात. ही सवय फार मोलाची आहे. दाट विणीचं सुती कापड आणि सावली यांच्या जोडीला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन असेल तर चांगलंच. नीट लावलं तर ते अतिनील-बी, म्हणजे कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं. पण नखाएवढं लावून उपयोग नाही. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं, आणि घाम येत असेल तर दोन तासांनी पुन्हा.

वांग आणि काळवंडलेपणा घालवायला मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबा ही खरी काळजीची गोष्ट आहे. शेजारच्या वैनीला गुण आला म्हणून हिनं आणली, हिचं पाहून जावेनं आणली, असं त्या गल्लीभर फिरतात. यांतल्या कित्येकींत स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि खाज दाबणारं जोरकस औषध असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबेवर बारीक अक्षरांत असतात, ती वाचावीत. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळ आणि गुळगुळीत दिसतो. पुढं कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम येतात, बायकांच्या गालांवर लव वाढते. लावणं थांबवलं की आग होऊन चेहरा लालबुंद होतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. त्वचारोगतज्ज्ञ या प्रकाराविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आहेत, आणि २०१८ साली केंद्र सरकारनं अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेलं स्टिरॉइड ही वेगळी बाब, ते औषध म्हणून उत्तमच आहे.

कोणी महिनोन्‌महिने असं मलम लावत असेल तर घाबरून एकदम बंद करू नये आणि दुसरं काही वर थापूही नये. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. जाताना ट्यूब सोबत न्यावी, रिकामी असली तरी. त्यात नेमकं कोणतं औषध होतं आणि ते किती दिवस लावलं, हे कळलं की ते कसं कमी करत आणायचं ते डॉक्टरांना ठरवता येतं.