घड्याळ राहिलं, डबी कुठे गेली?

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात जुन्या घड्याळांचा नाद असलेली दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न हल्ली मशीनचा, म्हणजे आतल्या यंत्राचा, नसतो. "डबी हाय काय?" असा असतो. डबी म्हणजे घड्याळ विकताना ज्यात घालून द्यायचे ती. डबीसकट घड्याळ म्हणजे 'फुल सेट', आणि त्याचा भाव वेगळा. जुन्या वाड्यातून खिशातलं घड्याळ निघतं, साखळी निघते, कधी चावीसुद्धा निघते. डबी मात्र निघत नाही. मग 'आपल्या लोकांना जपणूक माहीतच नाही' म्हणून हळहळणारे भेटतात. मला ते पटत नाही. आपल्याकडच्या डब्या हरवल्या कमी आणि वापरल्या गेल्या जास्त. शिवाय कित्येक घड्याळांना आज आपण शोधतो तशी कंपनीची डबी मुळात नव्हतीच.

याची गोष्ट अमेरिकेतून सुरू होते, आणि तिथे डबी घड्याळाच्या आधी येते. अमेरिकन घड्याळ उद्योगाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या अ‍ॅरन डेनिसनने १८४४ मध्ये मेन राज्यातल्या ब्रन्सविक गावी वडिलांच्या साथीने सराफांना लागणाऱ्या पुठ्ठ्याच्या डब्या बनवायला घेतल्या. पुढे १८५० च्या सुमारास तो घड्याळाच्या कारखान्यात पडला. तोच कारखाना नंतर वॉल्थम म्हणून जगभर गाजला. डब्यांचा धंदा भावाने वाढवला, आणि एव्हरी डेनिसन या लेबलांच्या कंपनीच्या नावात ते घराणं आजही शिल्लक आहे. गंमत अशी, की एवढं असूनही वॉल्थम आणि एल्जिन या अमेरिकन कंपन्यांची बरीच घड्याळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पूर्ण घड्याळ म्हणून कारखान्याबाहेर पडतच नव्हती. कारखान्यातून नुसतं मशीन यायचं, छोट्या गोल पत्र्याच्या डबीत. गिऱ्हाईक सराफाकडे मशीन वेगळं पसंत करायचं, चांदीची नाहीतर सोन्याच्या पत्र्याची केस, म्हणजे बाहेरचं कवच, वेगळी. सराफ दोन्ही जोडून द्यायचा आणि डबी द्यायचा ती स्वतःच्या दुकानाची. अशा घड्याळाची 'कंपनीची ओरिजनल डबी' कुणी दाखवली तर आधी हात मागे घ्यावा.

आपल्या भागात आलेला माल मात्र बहुतेक स्विस, आणि तो मुंबईच्या वाटेने आलेला. फाव्र-ल्यूबा १८६५ पासून मुंबईत, वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून. वेस्ट एंडच्या तबकडीवर 'बॉम्बे–कलकत्ता' अशी अक्षरं सर्रास दिसतात. डबीचंही तेच: झाकणाच्या आतल्या साटीनवर सोनेरी ठशात नाव उमटलेलं असतं ते पुष्कळदा आयात करणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं, मशीन बनवणाऱ्याचं नव्हे. त्यामुळे तबकडीवर एक नाव आणि डबीत दुसरं दिसलं की लगेच 'जोडलेली' म्हणून नाक मुरडू नये.

बेळगावात गिऱ्हाईक होतं. कॅन्टोन्मेंट होतं. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली. गोकाक धबधब्यावरची सूतगिरणी त्याच दशकातली. १९२२ पासून मराठा पलटणीचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, आणि त्याआधी पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढून आल्या होत्या. वेस्ट एंडने आपल्या एका घड्याळाचं नाव 'सोवार' ठेवलं, म्हणजे स्वार; गिऱ्हाईक कोण हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शहापूर तर तेव्हा सांगली संस्थानात, बेळगावला अगदी चिकटून असूनही. आणि वेळ तरी एक कुठे होती? बेळगावच्या सूर्याची वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३२ मिनिटं मागे. रेल्वे मद्रास टाइमवर चालायची, म्हणजे स्थानिक वेळेच्या २३ मिनिटं पुढे. मुंबईची वेळ तिसरीच. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली. त्याआधी गाडी पकडायची असेल त्याने खिशातलं घड्याळ स्टेशनवरच्या घड्याळाशी जुळवून घेतलेलं बरं.

घड्याळ असं रोज कोटाच्या खिशात आणि रात्री खुंटीला. डबीला कामच उरत नाही. माझ्याकडे शहापुरातल्या एका घरातून आलेली डबी आहे. तपकिरी चामडं, पुढे पितळी खटका, आत जांभळट मखमल. मधोमध घड्याळाचा गोल खळगा, वर चावीच्या बोंडासाठी छोटी खाच. त्या गोलात, थोडा डावीकडे, दुसराच एक ठसा आहे: बारीक वाकडी तार आणि तीन-चार मोत्यांएवढे खळगे. घरातल्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "घड्याळ ह्यांच्या खिशात की ओ. मग डबी रिकामी कशाला ठेवायची? नथ ठेवत होते मी." डब्या कुठे गेल्या याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला मिळालेलं नाही. निपाणीकडे अशाच एका डबीला तंबाखूचा वास होता, तो अजून जात नाही.

डबीचा काळ ठरवायला सगळ्यात उपयोगी पडतात ती पदकं. स्विस कंपन्यांना प्रदर्शनांत मिळालेली पदकं डबीच्या आत छापायची मोठी हौस. जिनिव्हा १८९६, पॅरिस १९००, मिलान १९०६, बर्न १९१४ अशी ती येतात. शेवटचं पदक ज्या सालचं, डबी त्याच्या आधीची असूच शकत नाही. चावीने फिरवायचं १८७० च्या धाटणीचं घड्याळ पॅरिस १९०० च्या डबीत 'मूळ जोडी' म्हणून समोर येतं तेव्हा बोलायला काही उरत नाही. मापही बघावं. खळग्यात घड्याळ खुळखुळत असेल तर ती डबी दुसऱ्या घड्याळाची.

दुरुस्तीच्या बाबतीत मी आधी चुका केल्या, मग शिकलो. पहिल्या डबीचं सुटलेलं कापड सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलं. कापडाला सुरकुत्या पडल्या त्या कायमच्या, कारण तो गोंद वाळला की पाण्याने सुटत नाही. जुन्या डब्या सरसाने जोडलेल्या असतात, आणि सरस कोमट पाण्याच्या ओलाव्याने सुटतो. पुढच्याला आपलं काम उलगडता येतं. कागद आणि कापडासाठी गव्हाची खळ पुरते, जुने पुस्तकबांधणीवाले वापरतात तीच. तिला कसर लागते हे खरं, म्हणून पातळ लावायची आणि पूर्ण वाळू द्यायची.

आपला खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर खानापूरकडे कपाटातल्या चपलेवर बुरशी येते, तिथे मखमलीची काय कथा! पाऊस संपल्यावर कोरड्या दिवशी, घराबाहेर, मऊ ब्रशने बुरशी झाडायची. ओल्या फडक्याने पुसली तर ती आणखी आत जाते. साटीनवरच्या सोनेरी अक्षरांना तर पाणी लावूच नये.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची चामडी डबी हाताला तांबडी पूड सोडते, त्याला पॉलिश किंवा तेल हा इलाज नव्हे. वनस्पतींनी कमावलेलं ते चामडं हवेतल्या गंधकाच्या धुराने आतून कुजलेलं असतं. क्लुसेल-जी नावाची पूड अल्कोहोलात विरघळवून लावली की पृष्ठभाग धरून राहतो, बस्स तेवढंच. अथणीत कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराला मी अशी डबी दाखवली. (२०१९ च्या कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे.) त्यांचं चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं. त्यांनी नखाने कोपरा खरवडला, पूड चोळून पाहिली आणि म्हणाले, "हे मेलंय. याला शिवू नका, टाका धरणार नाही." बिजागरीवर त्यांनी पातळ तासलेली चामड्याची पट्टी आतून बसवून दिली. बाहेरून दिसत नाही.

नव्या फोमचं किंवा रबराचं अस्तर घालायचा मोह टाळावा. त्यातल्या गंधकाने बंद डबीत चांदीची केस काळी पडते.

एचएमटीच्या डब्यांचा शोध ही अलीकडची गोष्ट. बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१ चा, जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने उभा राहिलेला. २०१६ मध्ये घड्याळाची कंपनी बंद करायला केंद्राने मंजुरी दिली, आणि लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या घड्याळांच्या ज्या डब्यांत सुया-दोरे पडले होते त्यांना एकाएकी किंमत आली.

शहापूरच्या डबीची मखमल बदला, असं मला तिघांनी सांगितलं. मी बिजागरी आणि खटका तेवढा करून घेतला. त्या मापाचं वेस्ट एंडचं घड्याळ आता तिच्यात असतं. ते जरासं तिरकं बसतं, नथीच्या खळग्यामुळे.