पेवातली थोरली, माडीवरची धाकटी : आमच्याकडच्या एका गोष्टीची पार्श्वभूमी

दर्यापूरकडच्या आमच्या गावात एक जुना वाडा आहे, आता नुसत्या भिंती अन् देवढी उरली आहे, पण त्याची गोष्ट आसपासच्या कोणत्याही गावात विचारा, कोणीतरी सांगतंच. दोन सावत्र बहिणी होत्या. थोरली पहिलीची, धाकटी दुसरीची. सावत्र आईच्या सांगण्यावरून धाकटीनं थोरलीला पेवात, म्हणजे ज्वारी साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यात, ढकललं, वरून दगड लावला, अन् तेव्हापासून अमावस्येला पेवातून आवाज येते, "धाकटे, खाली ये वं." धाकटीचं लग्न झालं नाही, ती जन्मभर त्या वाड्यात एकटीच राहिली आणि रात्री कंदील घेऊन फिरायची, कंदील दोराला बांधून खाली सोडायची, बहिणीला उजेड दाखवायला. परसातल्या विहिरीचं पाणी थोरलीच्या आसवांनी खारं झालं.

गोष्ट भारी आहे हे मलाही माहीत आहे, लहानपणी मी स्वतः ती ऐकून गोधडीत तोंड खुपसून झोपलो आहे. पण ती धाकटी आमच्या भाऊबंदातली होती, मी तिला पाहिलेलं आहे, तिच्या हातचे कानोले खाल्ले आहेत, आणि गोष्टीत तिचं जे केलं गेलं ते मला सहन होत नाही. म्हणून ही गोष्ट कुठून आली, कधी कधी बदलली, ते लिहून ठेवतो आहे. नावं कुणाचीच देत नाही, थोरली आणि धाकटी एवढंच पुरे आहे.

आधी वाडा. आमचा भाग वऱ्हाडातला, १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलेला. नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजार होते, अख्ख्या गावाचा सारा गोळा करून भरणारे, आमच्याकडे रयतवारी, म्हणजे ज्याच्या नावावर शेत तो सरकारात सारा भरणार. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की काळ्या मातीवाल्यांच्या घरात पैसा खेळायला लागला. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला खामगावचा फाटा आणि कापसाचा बाजार उघडायला खुद्द लॉर्ड मेयो आला होता. आमच्याकडचे सागवानी खांबांचे, माडीचे, धाब्याचे वाडे बरेचसे त्या पैशातले, हाही त्यातलाच. सांगायचं एवढंच की हा काही हजार वर्षांचा शापित वाडा नाही, कापसाच्या पैशातलं घर आहे, आणि पैशाचं घर म्हटलं की वारस कोण हा प्रश्न उंबऱ्यापाशीच बसलेला असतो.

सावत्र बहिणी झाल्या कशा, तर १९१८ ची मानमोडी. इन्फ्लुएन्झाला तेव्हा आपल्याकडे मानमोडी म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत देशात सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या भागांपैकी एक, आणि ही साथ म्हाताऱ्यांपेक्षा तरण्याताठ्यांना उचलून न्यायची, त्यातही लेकुरवाळ्या बाया जास्त गेल्या. थोरलीची आई त्याच दिवाळीच्या आगेमागे गेली, थोरली तेव्हा तीन-चार वर्षांची. अशी कितीतरी घरं होती, मागं तान्ही लेकरं, घरात बाई नाही, मग वर्ष-दोन वर्षांत बापाचं दुसरं लग्न. सावत्र हा शब्द आपल्याकडे इतका कडू का, याचं एक कारण मला हेच वाटतं की तेव्हा घरोघरी सावत्र नाती होती आणि ती सगळी कुणाच्या तरी मरणातून आलेली होती.

आता यातला एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो, सवतीचा टाक. पहिली बायको मेलेली असेल तर दुसरीनं तिची चांदीची छोटी प्रतिमा गळ्यात घालायची, तिला जेवणाआधी आठवायचं, म्हणजे ती त्रास देत नाही. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ मध्ये जो मोठा ग्रंथ छापला त्यातही ही चाल नोंदवलेली आहे. धाकटीच्या आईच्या गळ्यात असा टाक होता, आमच्या आजीनं तो पाहिलेला. शिवाय पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला पहिलीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, हेही दुसरीच करायची. म्हणजे त्या घरात मेलेल्या सवतीची भीती होती, मानही होता, पण ती भीती रोजच्या कामात मुरलेली होती, घरातल्याच माणसासारखी.

म्हणूनच या गोष्टीचं सगळ्यात जुनं रूप वेगळं आहे. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची, त्यात धाकटी वाईट नाहीच. त्यात पहिली आई रात्री माजघरात येऊन थोरलीच्या केसांवरून हात फिरवते, पोर एकटी पडली म्हणून तिचा जीव अडकलाय, आणि शेवटी ती पोरीला आपल्याकडे बोलावून घेते. बस. ढकलणं नाही, दगड नाही. आईच्या मायेची गोष्ट आहे ती, भीतीदायक आहे पण त्यात कुणावर आळ नाही.

मग खरं काय झालं? आजीला धाकटीनं स्वतः सांगितलं, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, आणि आजीनं आम्हाला.

१९२९ ला शारदा कायदा पास झाला, मुलीचं लग्नाचं वय चौदा, आणि तो लागू होणार होता १ एप्रिल १९३० ला. त्याच्या आधी देशभर लग्नांची एकच झुंबड उडाली, लहान लहान पोरी घाईघाईनं बोहल्यावर चढवल्या. थोरली तोवर चौदा-पंधराची झाली होती, आईविना पोर म्हणून तिचं लांबलेलं (याचंही खापर लोकांनी सावत्र आईवर फोडलं), आणि धाकटी आठची. बापानं ठरवलं एकाच मांडवात दोघींचं उरकायचं, कायद्याच्या आत. घरात सोयरे यायला लागले, ज्वारी लागणार म्हणून पेव उघडलं.

पेव काय असतं हे आता नव्या पोरांना माहीत नाही म्हणून सांगतो. गावठाणाची जमीन पांढरी, शेताची काळी, काळी-पांढरी म्हणतात ती हीच. पांढरीत पेव खणायचं, तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं अरुंद, आत पोट मोठं, दोन पुरुष खोल. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं, की वर्षं-दोन वर्षं दाणा तसाच. पण दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो, थोडी ओल लागली की आणखी जास्त, आतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो, तो हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. त्याला रंग नाही आणि नाकालाही काही कळत नाही. म्हणून जुनी माणसं पेव उघडल्यावर दिवसभर तोंड उघडं ठेवायची आणि मग आधी दिवा खाली सोडायची. दिवा विझला तर कुणी उतरायचं नाही. पेवात उतरलेला माणूस खाली बसतो तो उठत नाही, त्याला काढायला गेलेला दुसराही तिथंच बसतो, अशी मरणं आपल्याकडे झालेली आहेत आणि "पेवात भूत हाय, माणूस धरते" ही समजूत त्यातूनच आलेली आहे.

त्या दिवशी गडी मांडवाच्या बल्ल्या आणायला गेलेले. पेव सकाळीच उघडलेलं, दिवसभर ठेवायला वेळ कुणाला होता. थोरली अंगानं बारीक, म्हणाली मीच उतरते, टोपलंभर काढते तोवर. धाकटीनं वरून कंदील दोरानं सोडायचा असं ठरलं. थोरली उतरत होती आणि कंदील सोबतच खाली जात होता, आणि तो विझला. आठ वर्षांच्या पोरीला काय कळणार, तिला वाटलं वारा लागला, तिनं तो वर ओढला, चुलीपाशी जाऊन पेटवून आणला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. खाली थोरली बोलत नव्हती. तेव्हा ती ओरडायला लागली, "ताई, वर ये वं, वर ये." तो आवाज शेजारच्या तीन घरांनी ऐकला. माणसं जमून थोरलीला आकड्यानं वर काढेपर्यंत फार उशीर झाला होता.

"ताई, वर ये." आता गोष्टीतलं वाक्य पुन्हा पाहा, "धाकटे, खाली ये." हाक तीच आहे, लोकांनी तोंड तेवढं बदललं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

मांडव उतरला, धाकटीची सोयरीक मोडली, पोरगी अवलक्षणी म्हणून नंतर कुणी आलंच नाही. पण ढकललं हे अजूनही कुणी म्हणत नव्हतं. ते आलं बाप गेल्यावर, आणि इथं मला आमच्याच घराचं सांगावं लागेल. त्या माणसाला मुलगा नव्हता. भावाभावांच्या वाटण्या आधीच झालेल्या होत्या, आणि मिताक्षरा, म्हणजे तेव्हाच्या हिंदू वारसा कायद्यानं वेगळा निघालेला माणूस मुलाविना मेला तर मिळकत आधी विधवेकडे, मग मुलीकडे, त्यातही बिनलग्नाच्या मुलीचा नंबर आधी. भाऊबंद बरेच मागं. थोरली असती आणि लग्न होऊन गेली असती, धाकटीही गेली असती, तर गोष्ट निराळी, पण आता विधवा आणि कुमारी मुलगी दोघीच वाड्यात, आणि बाहेर चुलत घरं वाट पाहत बसलेली. आमचं घर त्यात होतं. त्याच सुमाराला गावात कुजबूज सुरू झाली की धाकटीनंच ढकललं असेल, वारस एकटी उरावी म्हणून. आठ वर्षांच्या पोरीनं! वाडा झपाटलेला आहे म्हटलं की ठोक्यानं शेत करणारे कचरतात, गडी टिकत नाही, विकत घेणारा फिरकत नाही, आणि दोन बाया थकून कधीतरी भाऊबंदाच्या दारी येतील असा तो हिशोब. हे कुणी कट करून ठरवलं असं मी म्हणत नाही, पण ज्यांना सोयीचं होतं त्यांनी गोष्ट थांबवली नाही, आमच्या पणजोबांनीही नाही.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आला आणि बाईच्या हातातली मर्यादित मालकी पूर्ण मालकी झाली. त्याच्या कलम १४ नं धाकटीची आई, आणि तिच्यामागं धाकटी, वाड्याची आणि शेताची खरीखुरी मालकीण झाली, विकायलाही मोकळी. गंमत नाही, मी वेगवेगळ्या वयाच्या चार-पाच जणांना विचारून पाहिलं, "दगड लावला" हा तुकडा गोष्टीत त्यानंतरचा आहे, त्याआधीच्या म्हाताऱ्यांच्या सांगण्यात तो कुठंच नाही. जसजसा वाडा हातून सुटत गेला तसतशी धाकटी जास्त दुष्ट होत गेली.

बाकीचं पटकन सांगतो. विहिरीचं खारं पाणी: अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात अख्खा खारपाणपट्टा पसरलेला आहे, आमच्या गावातली जवळपास प्रत्येक विहीर खारी आहे, मग सगळ्याच विहिरींवर कुणी रडत बसलं होतं का. माडीवरची पावलं: आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसा भट्टी आणि पहाटे गारवा, सागाच्या तुळया रात्री कडकडतात, वर उदमांजर फिरते, आणि गव्हाणी घुबड ओरडलं तर बाईनं किंचाळल्यासारखंच वाटते. पांढरी साडी आणि पैंजण तर टीव्ही आल्यानंतरचे, धाकटी आयुष्यभर हिरवं-तांबडं नऊवारी नेसायची आणि पायात काही घालत नव्हती. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचा हा मुलूख, गावोगाव खराटा आणि कीर्तन घेऊन ते या भूतखेतांवर बोलत फिरले, तरी आमच्या गावात त्या वाड्यासमोरून दिवेलागणीला लेकरं पळत जायची. मीही पळालेलो आहे.

कंदिलाचं मात्र खरं आहे. धाकटी कंदील दोराला बांधून खाली सोडायची, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दर उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला माणसं यायची, आणि ती वाकलेल्या कमरेनं काठावर यायची, भर दुपारी पेटवलेला कंदील हातात. दोर हळूहळू सोडायची, पार पाण्यापर्यंत, आणि उभी राहायची. कुणी घाई केली तरी हलायची नाही. गडी हसायचे, "बाई, दिवसाढवळ्या कायले दिवा?" ती काही बोलायची नाही. खालची ज्योत जळत राहिली की बराच वेळानं मान हलवायची आणि म्हणायची, "जा आता. जळून राह्यला."