मशीन मारल्यावर मांजराचा रंग का बदलतो?

हे माहितीपत्रक पर्शियन, हिमालयन, सयामी किंवा त्यांच्या मिश्र जातीचं मांजर सांभाळणाऱ्या आमच्या ग्रूमिंग सलूनच्या ग्राहकांसाठी आहे. मांजराचे केस मशीनने पूर्ण उतरवून घ्यायचे असतील, तर अपॉइंटमेंट घेण्याआधी हे जरूर वाचा.

दर हिवाळ्यात आमच्या काउंटरवर एकच तक्रार येते. दिवाळीच्या सुमारास केस उतरवलेले असतात. दोन-तीन महिन्यांनी नवे केस येतात, पण ते पहिल्यासारखे क्रीम नसतात. पाठीवर आणि कुशीवर चॉकलेटी किंवा राखाडी झाक दिसायला लागते. मग विचारणा सुरू होते: शाम्पू बदललात का? ब्लेड गरम होतं का? फंगस झालंय का? प्रश्न रास्त आहेत, घाबरणंही साहजिक आहे. पण प्रत्येकाला नीट समजावून सांगेपर्यंत आत ड्रायरपाशी दुसरं मांजर ताटकळत बसतं. म्हणून सगळं इथे लिहून ठेवलं आहे.

रंग शाम्पूने बदलत नाही, ब्लेडनेही नाही. तो थंडीने बदलतो.

ज्या मांजराचं अंग फिकं आणि कान, तोंड, पंजे, शेपटी गडद असते, त्याला आपण पॉइंट मांजर म्हणतो. सील पॉइंट (गडद तपकिरी), ब्लू पॉइंट (राखाडी), फ्लेम पॉइंट (केशरी) ही नावं तुम्ही विकत घेतानाच ऐकलेली असतात. केसांत रंग तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. पॉइंट मांजरांत हे एन्झाइम जन्मतःच थोडं वेगळं असतं. ते उबेत काम करत नाही, गारव्यात करतं. मांजराच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. केसांच्या दुलईखाली पाठ आणि पोट उबदार राहतं, म्हणून तिथले केस फिके उगवतात. कान, नाक, पंजे, शेपटी हे भाग थोडे गार असतात, म्हणून तिथे रंग भरतो.

आता केस उतरवले की काय होतं ते लक्षात येईल. पाठीची कातडी गार पडते, एन्झाइम तिथेही कामाला लागतं आणि त्या काळात उगवणारा प्रत्येक केस गडद निघतो. उगवून आलेला केस नंतर फिका होत नाही. तो गळून नवा येईपर्यंत डाग राहतो. १९३० साली रशियातल्या इलिन नावाच्या संशोधकांनी सयामी मांजरांचे केस काढून, त्यांना वेगवेगळ्या तापमानात ठेवून हेच दाखवलं होतं. थंडीत आलेले केस गडद, उबेत आलेले फिके.

आपल्या नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला तर त्याहून खाली. ओझर, पिंपळगाव, निफाडकडून येणाऱ्या मांजरांत हा फरक जास्त ठळक दिसतो, हा आमचा अनुभव आहे. उन्हाळ्यातही सुटका नाही. एप्रिलमध्ये केस उतरवून मांजर रात्रभर एसीच्या खोलीत झोपत असेल, तर तेच होऊ शकतं.

ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर कुशीवर किंवा पोटावर जो चौकोन साफ करतात, तिथेही पॉइंट मांजराला गडद ठिगळ येतं. ते टाक्यांमुळे आलेलं नसतं. सलाइनसाठी पायाचे केस काढलेले असतात तिथे मात्र फरक कळत नाही, कारण पाय आधीच गडद असतो.

फॉर्मवर ‘पांढरं’ लिहिण्याआधी

आमचा सगळ्यात जास्त वेळ याच एका चुकीत जातो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आमच्या फॉर्मवर रंगाचा रकाना आहे. बरेच ग्राहक तिथे ‘पांढरं पर्शियन’ लिहून मोकळे होतात. आम्ही ते वाचून पांढऱ्या मांजराच्या हिशेबाने वेळ आणि ब्लेड ठरवतो. मांजर टेबलावर आल्यावर कानांच्या कडा तपकिरी दिसतात, म्हणजे ते पॉइंट निघतं. मग काम थांबवून तुम्हाला फोन लावावा लागतो, पुन्हा सगळं समजावून संमती घ्यावी लागते, आणि पुढच्या दोन अपॉइंटमेंट मागे जातात.

यात तुमचा दोष नाही. पॉइंट मांजराचं पिल्लू जन्मतः जवळजवळ पांढरंच असतं, कारण आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब असते. काही आठवड्यांनी नाक आणि कान गडद व्हायला लागतात. रंग पूर्ण भरायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. ‘व्हाइट डॉल फेस’ म्हणून घेतलेलं पिल्लू सहा महिन्यांनी सील पॉइंट निघालं, असे ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात. ‘ट्रिपल कोट’ या शब्दावरूनही काही ठरत नाही. डॉल फेस, पंच फेस, ट्रिपल कोट हे बाजारातले विक्रीचे शब्द आहेत, त्यांचा रंगाशी संबंध नाही.

घरी ओळखायचं असेल तर सकाळच्या उजेडात मांजराला खिडकीपाशी घ्या. ट्यूबलाइटखाली फिका रंग हमखास फसवतो. आधी डोळे बघा. पॉइंट मांजराचे डोळे निळे असतात. पांढऱ्या मांजराचे डोळे निळे, पिवळे, तांबूस किंवा दोन वेगळ्या रंगांचे असू शकतात. म्हणजे डोळे पिवळे असतील तर ते पॉइंट नाही, हे लगेच कळतं. डोळे निळे असतील तर कानांच्या कडा, नाकाची बाजू आणि शेपटीचं टोक नीट बघा. फ्लेम पॉइंट सगळ्यात फसवं असतं, कारण तिथे रंग काळपट नसून हलका बिस्किटी असतो आणि अंगाच्या क्रीममध्ये मिसळून जातो. शंका असेल तर रकान्यात ‘माहीत नाही’ लिहा. ते चालतं. ‘पांढरं’ असं चुकीचं लिहिलेलं चालत नाही.

फॉर्मसोबत कान आणि शेपटी दिसेल असा एक फोटो मागतो तो याच कारणासाठी. फिल्टर लावू नका.

स्मोक आणि चिंचिला: इथे रंग लगेच जातो

या मांजरांत कारण वेगळं आहे. स्मोक मांजर वरून काळं किंवा राखाडी दिसतं, पण प्रत्येक केसाचं मूळ पांढरं असतं. चिंचिलात तर फक्त केसाच्या टोकाला रंग असतो. मशीन मारलं की रंगीत भाग फरशीवर पडतो आणि अंगावर मुळाचा पांढरा भाग उरतो. काळं म्हणून सोडलेलं मांजर संध्याकाळी पांढुरकं मिळतं, तेव्हा धक्का बसतोच. केस वाढले की रंग परत येतो. लांब केसांना त्यासाठी चार ते सहा महिने, कधी जास्तही लागतात. तुमचं मांजर स्मोक आहे का हे बघायला पाठीच्या केसांवर हलकी फुंकर मारा. मूळ पांढरं दिसलं तर फॉर्मवर तसं लिहा.

इतर रंगांबद्दल थोडंसं

पांढरं मांजर आणि दोन्ही डोळे निळे असतील, तर ते बहिरं असण्याची शक्यता बरीच असते. हे आम्हाला आधी सांगाच. बहिऱ्या मांजराला मागून हात लावला तर ते दचकतं, ओरबाडतं, टेबलावरून उडी मारतं. अशा मांजराला आम्ही समोरून, हात दाखवून घेतो आणि त्याच्याबरोबर दोन माणसं ठेवतो. पांढऱ्या कानांना ऊनही बाधतं. वर्षानुवर्षं उन्हात बसणाऱ्या पांढऱ्या मांजरांत कानाच्या टोकाला कॅन्सर होऊ शकतो. तिथे न भरणारी खपली दिसली तर थेट डॉक्टरांकडे जा.

काळं मांजर तांबूस दिसायला लागलं तर दोन गोष्टी तपासा. एक, ऊन. दुसरी, आहार. काळा रंग तयार व्हायला प्रथिनांतून मिळणारं टायरोसिन लागतं. ते कमी पडलं की काळे केस तपकिरी होतात. दूध-पोळीवर वाढणाऱ्या मांजरांत हे आम्ही पाहतो. मांजराला मांस-मासे किंवा चांगलं कॅटफूड लागतंच, त्याला पर्याय नाही, आणि हा रंग कुठल्याही शाम्पूने परत येत नाही. आमच्याकडे ‘ब्लॅक कोट’ शाम्पू ठेवत नाही तो म्हणूनच.

केशरी मांजराच्या कपाळावर आणि पायांवर पट्टे दिसतातच, तो मिश्र जातीचा पुरावा नव्हे. तिरंगी मांजर बहुतेक वेळा भाटीच असते, कारण केशरी रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि काळा-केशरी एकत्र यायला दोन एक्स लागतात. तिरंगी बोका क्वचित दिसतो आणि तो जवळपास नेहमीच वांझ असतो. त्यामुळे ‘दुर्मीळ तिरंगी बोका, ब्रीडिंगसाठी’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

आम्ही लगेच मशीन का मारत नाही

इतर ठिकाणी अर्ध्या तासात केस उतरवून देतात, तुम्ही एवढे प्रश्न का विचारता, असं बरेच जण म्हणतात. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ ओढून ब्लेड चालवलं तर ती सहज कापली जाते. उन्हाळ्यात गार वाटेल म्हणून केस उतरवण्याचीही बहुतेक मांजरांना गरज नसते. खालचे मेलेले केस विंचरून काढले की हवा खेळती राहते, वरचे केस उन्हापासून कातडी वाचवतात आणि रंगही बदलत नाही.

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही पॉइंट मांजराचं पूर्ण अंग उतरवत नाही. अंगभर घट्ट गाठी असतील किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच करतो, तेही रंगाबद्दल लेखी संमती घेऊन. थोड्या गाठी असतील तर तेवढ्याच काढतो. खूप चिडणाऱ्या मांजराला भुलीचं औषध आम्ही देत नाही, कोणत्याही सलूनने देऊ नये. ते काम डॉक्टरांचं आहे.

गाठी ठराविक जागीच होतात: काखेत, कानामागे, जांघेत, शेपटीखाली. एवढीच जागा रोज पाच मिनिटं स्टीलच्या फणीने विंचरली तरी मशीनची वेळ येत नाही. पहिल्या भेटीत फणी कशी धरायची, कुठून सुरुवात करायची हे आम्ही दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ज्यांना घरी जमत नाही त्यांच्यासाठी दर चार आठवड्यांनी विंचरणं, नखं आणि कान असं मासिक पॅकेज आहे. वर्षाचा हिशेब केलात तर ते दोनदा केस उतरवून घेण्यापेक्षा फार महाग पडत नाही, आणि मांजर टेबलाला सरावतं.

डाग आधीच आला असेल तर

आधी तो रंगाचाच डाग आहे याची खात्री करा. केस बाजूला सारून बघा. केस दाट आहेत, कातडी स्वच्छ आहे, खाज नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही. केस गोलाकार गळले असतील, कोंडा किंवा खपल्या असतील, तर ती गजकर्णाची बुरशी असू शकते. पर्शियन मांजरांत ती बऱ्यापैकी आढळते आणि घरच्या माणसांनाही लागते. अशा मांजराला सलूनमध्ये आणू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

रंगाचा डाग असेल तर त्यावर ब्लीच, हेअर डाय, मेंदी काहीही लावू नका. मांजर अंग चाटतं, लावलेलं सगळं पोटात जातं. डाग घालवण्यासाठी पुन्हा मशीन मारायला सांगू नका, नवे केसही गारव्यातच उगवतील. मांजराला उबदार जागी झोपू द्या आणि वाट बघा. बहुतेक वेळा पुढच्या केसगळतीनंतर, काही महिन्यांत ते डाग फिके होतात. वय वाढेल तसं पॉइंट मांजराचं अंग एकूणच थोडं गडद होतं, ते मात्र परत फिकं होत नाही.

फॉर्म काउंटरवर ठेवला आहे. फोटो अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवा, म्हणजे मशीन लागेल की फणीने भागेल हे आम्ही तुम्हाला घरून निघण्याआधीच सांगू शकू.